घटक ६ : टिंबांची मराठी – दृष्टिबाधित मुलांचे भाषाशिक्षण

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचे प्रकार आणि त्यांच्या भाषिक गरजा सांगता येतील.
• ब्रेल ही भाषा नसून लिपी आहे, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• भारती ब्रेल आणि देवनागरी यांच्या रचनेतील साम्य-भेद विशद करता येतील.
• ब्रेलमधून लिहिणाऱ्या मुलाच्या लेखनातील चुकांचे कारण ओळखता येईल.
• अशा मुलांना मराठी शिकवताना शिक्षकाने स्वतःची भाषा कशी वापरावी, हे सांगता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा मुळात ध्वनिरूप असते आणि लिपी ही त्या ध्वनींची दृश्य खूण असते, हे विधान आपण भाषाविज्ञानाच्या अनेक पाठ्यपुस्तकांत वाचले असेल. या विधानातील ‘दृश्य’ हा शब्द मात्र तपासून घेण्यासारखा आहे. लिपी दृश्यच असली पाहिजे, असा काही नियम नाही. ती स्पर्शगम्यही असू शकते. ब्रेल हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

आपल्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही जणी अंगणवाडीत काम करीत असतील, काही पालक असतील. आज ना उद्या आपल्या वर्गात, शेजारात किंवा घरात एखादे न दिसणारे अथवा फार कमी दिसणारे मूल भेटू शकते. अशा वेळी ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून आपण मागे सरतो. परंतु मराठीच्या अभ्यासकाजवळ एक साधन असते : वर्ण, अक्षर, जोडाक्षर, उच्चार आणि लेखन यांचे ज्ञान. त्याच ज्ञानाच्या आधारे या मुलाचे शिकणे समजून घेणे आणि त्याची चूक योग्य ठिकाणी शोधणे, हा या घटकाचा हेतू आहे. चूक चुकीच्या ठिकाणी शोधली, की हुशार मुलालाही ‘ढ’ ठरवायला वेळ लागत नाही.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ दृष्टिबाधित म्हणजे कोण?

‘दृष्टिबाधित’ या शब्दात दोन गट येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शक्य ते सर्व उपाय करून, म्हणजे चष्मा वगैरे लावूनही, चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर त्याला अंधत्व म्हणतात. ३/६० याचा अर्थ असा की, निकोप डोळ्याला जे अक्षर ६० मीटर अंतरावरून वाचता येते, ते वाचण्यासाठी या व्यक्तीला ३ मीटरपर्यंत जवळ यावे लागते. दृष्टी ६/१८ ते ३/६० या दरम्यान किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांच्या दरम्यान असेल, तर त्याला अल्पदृष्टी म्हणतात.

हा भेद शिक्षकासाठी केवळ प्रमाणपत्रापुरता नाही. अंध मूल बोटांनी वाचणार आहे. अल्पदृष्टी मूल बहुधा डोळ्यांनीच, पण वेगळ्या परिस्थितीत वाचणार आहे. दोघांना एकच उपाय लावला, तर एकाची तरी हानी होते. ज्याला मोठ्या टाइपातील मजकूर वाचता येतो, त्याला केवळ सोय म्हणून ब्रेलकडे ढकलू नये; आणि ज्याची दृष्टी ओसरत चालली आहे, त्याला ‘अजून थोडे दिसते ना’ म्हणून ब्रेलपासून दूर ठेवू नये.

याच अधिनियमाने शिक्षणसंस्थांवर आणि शासनावर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुस्तके आणि साहाय्यभूत साधने १८ वर्षांपर्यंत मोफत मिळावीत, तसेच ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमावेत, अशीही तरतूद आहे. आपल्या परिसरातील पालकांना एवढी माहिती देणे, हेसुद्धा मोलाचे साहाय्य आहे.

६.३.२ ब्रेल लिपीचा जन्म आणि भारती ब्रेल

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कुव्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर व चामड्याचे सामान बनवीत. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याच कामाच्या टोकदार हत्याराने लुईच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तेथे पुस्तके होती. पण ती डोळसांचीच रोमन अक्षरे कागदावर मोठी व उठावदार करून छापलेली होती. डोळ्यासाठी घडलेले अक्षर बोटाने चाचपडत वाचावे लागे. लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते.

याच काळात शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने उठावदार टिंबांची एक पद्धत शाळेपुढे ठेवली. तिच्यात बारा टिंबे होती आणि ती फ्रेंच भाषेचे वर्ण न दाखवता उच्चारातील ध्वनी दाखवीत असे. त्यामुळे दोन अडचणी निर्माण झाल्या. चिन्ह एवढे उंच होते की, ते बोटाच्या एका टोकाखाली मावत नसे. आणि त्यातून शब्दाचे लेखन, म्हणजे शुद्धलेखन, शिकता येत नसे. पंधरा वर्षांच्या लुईने १८२४ च्या सुमारास दोन्ही अडचणींवर उत्तर शोधले. त्याने टिंबे बाराऐवजी सहा केली आणि ध्वनींऐवजी वर्णमालेतील अक्षरांना चिन्हे दिली. १८२९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. १८५२ मध्ये लुईचे निधन झाले आणि १८५४ मध्ये फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली. अंध माणसाला नुसते ऐकता येऊ नये, तर लिहिताही यावे, ही या लिपीमागची मूळ दृष्टी आहे. पुढील विवेचनात ती लक्षात ठेवावी.

भारतात अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प यांनी सुरू केली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अशी शाळा काढली. भारतीय भाषांसाठी ब्रेल वापरताना मात्र निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या. एका ठिकाणी छापलेले पुस्तक दुसऱ्या ठिकाणच्या वाचकाला वाचता येत नसे. ही अडचण दूर करून १९५१ मध्ये सर्व प्रमुख भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धत स्वीकारण्यात आली. मराठीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि कन्नडमधील ‘क’ डोळ्याला तीन वेगळ्या आकृत्या दिसतात. बोटाला मात्र ते एकच अक्षर लागते. एवढेच नव्हे, तर क, ग, ब, म, न, प, र, ल, स, ह यांसारख्या अनेक अक्षरांची चिन्हे इंग्रजी ब्रेलमधील समान उच्चाराच्या अक्षरांचीच आहेत.

६.३.३ भारती ब्रेलमध्ये मराठी कशी लिहितात?

ब्रेलची एक चौकट सहा टिंबांची असते. डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ आणि उजव्या स्तंभात वरून खाली ४, ५, ६. यांतील कोणती टिंबे उठावदार आहेत, यावरून चिन्ह ठरते. रिकामी चौकट सोडली, तर अशी ६३ चिन्हे तयार होतात. काही उदाहरणे पाहू :

अ – १. आ – ३, ४, ५. इ – २, ४. ई – ३, ५. ऊ – १, २, ५, ६. ए – १, ५
क – १, ३. ख – ४, ६. त – २, ३, ४, ५. ब – १, २. भ – ४, ५
म – १, ३, ४. र – १, २, ३, ५. ल – १, २, ३. ळ – ४, ५, ६
ढ – १, २, ३, ४, ५, ६

‘ढ’ या अक्षरात सहाही टिंबे भरलेली असतात. पूर्ण चौकट हाताला कशी लागते हे शिकवण्यासाठी ते सर्वांत सोयीचे आहे. मराठीत ‘ढ’ या अक्षराला जे दुर्लौकिक लाभले आहे, त्याची भरपाई ब्रेलने अशी केली आहे!

आता रचनेकडे वळू. देवनागरीत व्यंजन मध्यभागी असते आणि स्वरचिन्हे त्याच्याभोवती चारही बाजूंनी लागतात : काना पुढे, पहिली वेलांटी मागे, मात्रा वर आणि उकार खाली. ब्रेलमध्ये ही सोय नाही. बोट एका ओळीत डावीकडून उजवीकडे सरकते. म्हणून तेथे चार गोष्टी घडतात.

(१) *स्वर आणि स्वरचिन्ह एकच.* देवनागरीत ‘इ’ आणि ‘ि’ या दोन भिन्न आकृत्या आहेत. ब्रेलमध्ये दोन्हींसाठी २, ४ हेच चिन्ह आहे आणि ते नेहमी व्यंजनानंतर येते. ‘किती’ हा शब्द क, इ, त, ई असा चार चौकटींत लिहिला जातो. छापील ‘कि’मध्ये वेलांटी अगोदर आणि उच्चारात मागाहून, असा जो उलटा क्रम असतो, तो ब्रेलमध्ये नाही.

(२) *व्यंजनातील ‘अ’ गृहीत असतो.* देवनागरीप्रमाणेच ‘कमल’ हा शब्द क, म, ल एवढ्या तीनच चौकटींत संपतो. परंतु ‘मऊ’ हा शब्द म, ऊ असा लिहिला, तर तो ‘मू’ वाचला जाईल. म्हणून येथे मध्ये ‘अ’ घालून म, अ, ऊ असे लिहावे लागते. ‘सई’ आणि ‘सी’ यांतील भेदही असाच दाखवतात.

(३) *जोडाक्षरे फोडून लिहितात.* पाय मोडल्याची खूण म्हणून ४ क्रमांकाचे एकच टिंब असलेली चौकट वापरतात. ती पाय मोडायच्या व्यंजनाच्या अगोदर येते. ‘भक्ती’ म्हणजे भ, पायमोड-खूण, क, त, ई. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र चिन्हे आहेत.

(४) *‘र’ला एकच रूप.* छापील मराठीत ‘धर्म’मधील र माथ्यावर चढतो, ‘क्रम’मधील र पायाशी तिरका उभा राहतो. पहिली-दुसरीतील डोळस मुले या रूपांनी गोंधळतात. ब्रेलमध्ये ‘धर्म’ हा ध, पायमोड-खूण, र, म असा आणि ‘क्रम’ हा पायमोड-खूण, क, र, म असा उच्चाराच्या क्रमानेच येतो. रफार आणि रकार ही नावे येथे निरर्थक ठरतात. डोळस मुलांना शिकवताना ‘माथ्यावर रफार दे’ असे आपण म्हणतो. ब्रेल लिहिणाऱ्या मुलाला त्या सूचनेतून काहीच मिळत नाही.

आणखी एक गमतीचा भाग असा की, अंक लिहिण्यापूर्वी जे अंकचिन्ह देतात (३, ४, ५, ६), तेच ‘ण’चेही चिन्ह आहे. यामुळे गोंधळ का होत नाही? कारण मराठीत ‘ण’ सहसा शब्दाच्या आरंभी येत नाही. शब्दारंभी हे चिन्ह लागले की पुढे अंक आहे, असे बोट ओळखते. वर्णांच्या स्थानाविषयीचा भाषेतील नियम लिपीच्या मदतीला असा येतो.

६.३.४ डोळ्याच्या चुका आणि बोटाच्या चुका

डोळस मुले कोणती अक्षरे चुकतात? घ आणि ध, भ आणि म, प आणि ष. कारण ती दिसायला सारखी आहेत. ब्रेलमध्ये भ (४, ५) आणि म (१, ३, ४) यांत असे साम्य नाही. तेथे चुका वेगळ्या जागी होतात.

क (१, ३) आणि ख (४, ६) ही चिन्हे पुन्हा पाहा. नंतर ब (१, २) आणि भ (४, ५), ल (१, २, ३) आणि ळ (४, ५, ६). प्रत्येक जोडीतील दुसरे चिन्ह हे पहिल्याचे आरशातील रूप आहे. टिंबांची मांडणी तीच, फक्त स्तंभ वेगळा. इ (२, ४) आणि ए (१, ५) ही जोडीही अशीच आहे.

आता लेखनाची रीत लक्षात घेऊ. ब्रेल पाटीत कागद अडकवून टोकदार लेखणीने मागच्या बाजूने टिंबे टोचतात. उठाव कागदाच्या दुसऱ्या बाजूला येतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलट्या क्रमाने लिहावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. लिहिताना १, २, ३ ही टिंबे उजवीकडे असतात. नवशिक्या मुलाचा स्तंभ येथे सहज बदलतो आणि ‘बाळ’ऐवजी ‘भाल’ उमटतो.

अशी वही तपासणारा शिक्षक काय निष्कर्ष काढेल? ‘ळ’च्या जागी ‘ल’ दिसला, तर घरच्या बोलीचा परिणाम म्हणेल. ‘ब’च्या जागी ‘भ’ दिसला, तर उच्चार अस्पष्ट आहेत म्हणेल. मुलाला ‘नीट उच्चार कर’ असे सांगेल. मूल उच्चार बरोबरच करीत असते. तेव्हा सुधारायचे काय, हे त्याला कळत नाही. चूक जिभेची नसून स्तंभाची आहे. तिचा उपाय ब्रेल पाटीवर आहे : प्रथम पूर्ण चौकट चाचपणे, टिंबांचे क्रमांक मोठ्याने म्हणत टोचणे, आणि लिहिलेला शब्द लगेच उलटून वाचणे. सहा कळांचे ब्रेल लेखनयंत्र उपलब्ध असेल, तर ही अडचण उद्भवत नाही. त्यात लेखन आणि वाचन एकाच दिशेने होते.

वाचनातही हेच लागू पडते. ‘ल’ किंवा ‘ळ’ हे चिन्ह कार्डावर एकटेच दिले, तर बोटाला केवळ एक उभी रेघ लागते. ती डाव्या स्तंभातील की उजव्या, हे ठरवायला शेजारी काही नसते. म्हणून अशा जोड्या शिकवताना चिन्हापूर्वी आणि चिन्हानंतर ‘ढ’ची पूर्ण चौकट द्यावी किंवा ते चिन्ह शब्दातच द्यावे.

आपली प्रगती तपासा – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ब्रेलच्या एका चौकटीत जास्तीत जास्त ……… टिंबे असतात.
२. ‘मऊ’ हा शब्द ब्रेलमध्ये ……… चौकटींत लिहितात.
३. भारती ब्रेलचा स्वीकार ……… साली झाला.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
‘ण’ आणि अंकचिन्ह एकच असूनही गोंधळ का होत नाही?

६.३.५ ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे

आज संगणक आणि भ्रमणध्वनी मजकूर वाचून दाखवतात. ध्वनिमुद्रित पुस्तकेही मिळतात. मग ब्रेल शिकवायचे कशाला, असा प्रश्न पालकच नव्हे, तर शिक्षकही विचारतात. भाषेच्या अभ्यासकाने याचे उत्तर द्यायला हवे.

दिन (दिवस) आणि दीन (गरीब), शिर (डोके) आणि शीर (रक्तवाहिनी), सुत (मुलगा) आणि सूत (धागा) – या जोड्या मोठ्याने वाचून पाहा. सहज बोलण्यात त्यांचा उच्चार जवळजवळ सारखाच होतो. जे मूल केवळ ऐकून शिकले, त्याला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कोठून कळणार? स्वल्पविराम कोठे आहे, परिच्छेद कोठे बदलला, संवाद अवतरणात कसा लिहिला आहे, हे कानाला अंदाजानेच कळते. शिवाय ऐकताना वेग दुसऱ्याच्या हाती असतो. एखाद्या ओळीशी थबकणे, मागे जाणे, दोन शब्द ताडून पाहणे, हा वाचनाचा खरा लाभ बोटाखालच्या ओळीतूनच मिळतो. डोळस मुलाला कोणी ‘तू नुसती गोष्ट ऐक, वाचायला शिकू नकोस’ असे म्हणत नाही. अंध मुलाला तसे म्हणणे म्हणजे त्याला निरक्षर ठेवणे होय.

ध्वनिसाधने निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. ब्रेल पुस्तके आकाराने मोठी असतात. एका छापील पुस्तकाचे अनेक जाड खंड होतात. मोठ्या वर्गांतील संदर्भवाचनासाठी ध्वनिसाधने अपरिहार्य आहेत. परंतु पायाभूत साक्षरता ब्रेलमधून आणि विस्तृत वाचन दोन्हींतून, असा क्रम असावा. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू झाले. शाळेबाहेरही बोटांनी मराठी वाचण्याची इच्छा असते, याची ही साक्ष आहे. ग्रंथ ब्रेलमध्ये आणण्यातील कायद्याची अडचणही बरीच दूर झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा दिली, आणि याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

६.३.६ शब्द आणि अनुभव

जे मूल पाहू शकत नाही, त्याला ‘इंद्रधनुष्य’, ‘लालभडक’, ‘चांदणे’ हे शब्द शिकवावेत का? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफर्थ, जे स्वतः अंध होते, त्यांनी १९३२ मध्ये हा प्रश्न उपस्थित केला. अंध मुले डोळसांचे शब्द अनुभवाविना उच्चारतात आणि ते शब्द पोकळ राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९८५ मध्ये बार्बरा लँडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी आपल्या अभ्यासातून वेगळे चित्र मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या एका लहान अंध मुलीला ‘वर पाहा’ म्हटले, की ती डोके न हलवता हात वर करून चाचपत असे. डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस मुले याच सूचनेला तोंड वर करीत. म्हणजे ‘पाहणे’ हा शब्द त्या मुलीसाठी पोकळ नव्हता. तिने त्याचा ‘हाताने शोधणे’ असा स्वतःचा अर्थ घडवला होता.

मराठीत तर हे अधिकच स्वाभाविक आहे. ‘चव घेऊन बघ’, ‘ऐकून पाहा’, ‘करून बघू’ या वाक्यांत डोळ्याचा संबंध नाही. ‘बघणे’ व ‘पाहणे’ ही क्रियापदे येथे ‘प्रयत्न करणे’ किंवा ‘अनुभव घेणे’ या अर्थाने येतात. म्हणून अंध विद्यार्थ्यासमोर ‘बघ’ हा शब्द टाळण्याचा अवघडलेपणा अनाठायी आहे. रंगांचे शब्दही टाळू नयेत. ‘हिरवागार’ म्हणजे पावसाळ्यातील शेत, ‘पिवळा’ म्हणजे हळद, हे भाषिक आणि सामाजिक ज्ञान त्यालाही हवे आहे. तो याच समाजात बोलणार, लिहिणार आहे.

मात्र कट्सफर्थ यांचा इशारा पूर्णपणे सोडून देता येत नाही. ‘रांजण’, ‘तुळशीवृंदावन’, ‘नांगर’ या हाताला लागू शकणाऱ्या वस्तूंचेही मुलाजवळ केवळ शब्दच असतील, तर तो दोष आपला आहे. सहा आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कोणाला तो खांब वाटला, कोणाला सूप. ही गोष्ट अंधत्वाची म्हणून सांगितली जाते. पण त्या सहा जणांची खरी चूक अशी की, एकेक भाग चाचपून प्रत्येक जण थांबला. डोळा संपूर्ण वस्तू एकदम पाहतो आणि मग तपशिलाकडे जातो. हात तपशिलापासून आरंभ करून पूर्ण वस्तू जुळवतो. त्या जुळवणीला वेळ आणि शब्दांचा आधार लागतो : ‘हा रांजणाचा काठ. आता हात खाली ने. येथे तो फुगतो. तळाशी पुन्हा निमुळता होतो.’ वर्णनात्मक लेखनाचा हा उत्तम पाठ आहे, आणि डोळस मुलांनाही तो उपयोगी पडतो.

६.३.७ वर्गातील शिक्षकाची भाषा

आपल्या बोलण्यात दर्शक शब्द फार असतात : हे, ते, इकडे, तिकडे, असे, तसे. ‘हे असे लिहा’, ‘ते तिकडे ठेव’ या वाक्यांचा निम्मा अर्थ शिक्षकाच्या बोटात आणि नजरेत असतो. ज्याला ते बोट दिसत नाही, त्याच्यापर्यंत उरलेला निम्मा अर्थ पोहोचतच नाही. भाषाविज्ञानातील दर्शक शब्दांची संकल्पना येथे थेट व्यवहारात उतरते. ‘तिकडे’ऐवजी ‘तुझ्या उजव्या हाताला, बाकाच्या कडेला’ म्हणावे. याच्या जोडीला पुढील गोष्टी पाळाव्यात :

• फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा. नवा किंवा कठीण शब्द असेल, तर त्याचे लेखन फोडून सांगावे.
• प्रश्न विचारताना नुसती मान हलवून किंवा बोट दाखवून सूचना न करता नाव घ्यावे. इतर मुलांनीही बोलण्यापूर्वी आपले नाव सांगावे.
• ‘चित्र पाहून वर्णन करा’ या प्रश्नाऐवजी वस्तू हाती द्यावी, परिसरातील आवाज ऐकवावेत किंवा प्रसंग शब्दांत सांगून लेखन करून घ्यावे. गुण समान असावेत.
• ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ यांसारख्या म्हणी शिकवणे टाळू नये. पण अंधत्व म्हणजे बावळटपणा, हा जुना समज त्यांत कसा दडला आहे, यावर सर्व वर्गाशी बोलावे.
• मदत करण्यापूर्वी विचारावे. मुलाचा हात ओढून वस्तूवर ठेवण्याऐवजी आपल्या हाताच्या आधाराने त्याचा हात नेऊ द्यावा.

६.३.८ अल्पदृष्टी विद्यार्थी आणि देवनागरी

नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दाखवले की, उरलेली दृष्टी वापरण्याचे पद्धतशीर शिक्षण दिल्यास अल्पदृष्टी मुले ती अधिक कार्यक्षमतेने वापरू शकतात. ‘डोळ्यांवर ताण नको’ म्हणून वाचन थांबवण्याची जुनी समजूत यामुळे मागे पडली.

देवनागरीच्या बाबतीत केवळ अक्षर मोठे करून भागत नाही. भ आणि म, घ आणि ध यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा खंडावर आणि गाठीवर अवलंबून असतो. फार ठळक टाइपात तो खंड भरून निघतो. वेलांटीच्या डोक्यावरचा अनुस्वार छायाप्रतीत पुसट होतो आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. म्हणून टाइप मोठा, सुटसुटीत आणि मध्यम जाडीचा असावा, ओळींत पुरेसे अंतर असावे, कागद चकचकीत नसावा. मुलाला कोठे बसल्यावर नीट दिसते, हे त्यालाच विचारावे. एखाद्याला खिडकीजवळचा उजेड हवा असतो, तर एखाद्याला तोच उजेड डोळ्यांवर येतो.

आपली प्रगती तपासा – २

चूक की बरोबर ते लिहा.
१. अंध विद्यार्थ्यासमोर ‘बघ’ हा शब्द वापरू नये.
२. टाइप जितका ठळक, तितका तो अल्पदृष्टी मुलाला सोयीचा असतो.
३. केवळ ऐकून ऱ्हस्व-दीर्घाचे लेखन पक्के होत नाही.

६.४ सारांश

ब्रेल ही वेगळी भाषा नसून भाषा लिहिण्याची स्पर्शगम्य लिपी आहे. भारती ब्रेलमध्ये मराठी उच्चाराच्या क्रमाने एका ओळीत लिहिली जाते. तेथे वेलांटीची आणि रफाराची गुंतागुंत नसते, परंतु आरशातील जोड्यांमुळे वेगळ्या चुका संभवतात. त्या चुका उच्चाराच्या किंवा बुद्धीच्या समजल्या, तर मुलावर अन्याय होतो. ध्वनिसाधने ब्रेलला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. शब्दांमागे अनुभव उभा करणे आणि आपल्या बोलण्यातील मोघम दर्शक शब्दांच्या जागी नेमके शब्द आणणे, हे शिक्षकाचे काम आहे. मराठीचा अभ्यासक या कामासाठी परका नाही. वर्ण आणि अक्षर यांविषयी तो जे शिकतो, तेच येथे उपयोगी पडते.

६.५ शब्दार्थ

*स्पर्शगम्य* – स्पर्शाने कळणारे. *दृष्टिक्षेत्र* – नजर स्थिर ठेवली असता जेवढा भाग दिसतो तो. *दर्शक शब्द* – ज्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावरून व निर्देशावरून ठरतो असे शब्द. *सुगम प्रत* – दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपातील प्रत.

६.६ स्वयंअध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

*आपली प्रगती तपासा – १* : (अ) १. सहा २. तीन ३. १९५१. (आ) मराठीत ‘ण’ सहसा शब्दारंभी येत नसल्याने शब्दारंभीचे चिन्ह अंकाचे आहे, हे कळते.
*आपली प्रगती तपासा – २* : १. चूक २. चूक ३. बरोबर.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. देवनागरी आणि भारती ब्रेल यांतील स्वरचिन्हांची व्यवस्था सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘डोळ्याच्या चुका आणि बोटाच्या चुका’ यांतील फरक लिहून शिक्षकासाठी त्याचे महत्त्व सांगा.
३. ‘ध्वनिसाधने आल्यामुळे ब्रेलची गरज उरली नाही’ या मताचे परीक्षण करा.
४. टिपा लिहा : (अ) लुई ब्रेल (आ) दर्शक शब्द आणि अध्यापन.

६.८ क्षेत्रीय कार्य

१. इयत्ता दुसरीच्या मराठी पाठ्यपुस्तकातील एक पाठ निवडा. त्यातील कोणत्या सूचना केवळ डोळस मुलांसाठी आहेत, त्यांची यादी करून प्रत्येक सूचना सर्व मुलांना उपयोगी पडेल अशी पुन्हा लिहा.
२. ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीची पूर्वपरवानगीने भेट घ्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द ती ब्रेलमध्ये कसे लिहिते व वाचते, याची नोंद करा.
३. आपल्या घरातील एखादी वस्तू, न दिसणाऱ्या व्यक्तीला हाताने ओळखता येईल अशा क्रमाने, दहा ओळींत वर्णन करा. वर्णनात ‘हे’, ‘असे’, ‘तिकडे’ हे शब्द येऊ देऊ नका.